एक नात, दोन राजधान्या, तीन कोटेशनं

खरेदी खात्यात जन्म काढलेल्या माणसाला त्याच्या घरचे लोक साधी केरसुणीसुद्धा आणू देत नाहीत. बाहेरच्यांना वाटतं, याच्या घरी सगळं कसं पारखून घेतलेलं असेल. घरच्यांना माहीत असतं की हा गृहस्थ केरसुणीची तीन दुकानांतून कोटेशनं मागवणार, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करणार, आणि तोवर घरात घोटाभर कचरा साचणार. आमच्याकडे एकदा फ्रिज घ्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर मी ते हाती घेतलं. फ्रिज उत्तम आला, अजून चालतो, पण तो आला तेव्हा थंडी पडली होती, हे आमची ही अजून चारचौघांत सांगते.

त्यामुळे चिरंजीवांनी एकदा जेवताना, "बाबा, एक निवडीचं काम आहे, बघता का?" असं विचारलं तेव्हा हिनं पोळी वाढता वाढता हात थांबवला. "त्यांना?" एवढंच ती म्हणाली. त्या एका शब्दात आमच्या सगळ्या संसाराचा अहवाल होता.

काम असं होतं. चिरंजीवांच्या कंपनीनं त्यांना परदेशी पाठवायचं ठरवलं होतं. दोन देश, दोन राजधान्या, त्यांतली कुठली ते तुम्हीच ठरवा, असा वर मानभावीपणा. पगार दोन्हीकडे सारखा, घर दोन्हीकडे कंपनीचं. सूनबाई म्हणाली, "मग शाळेवर ठरवू. जिथली शाळा बरी, तिथे जाऊ." शाळा म्हणजे माझ्या नातीची. ती तिसरीत आहे. तिला घरात सगळे भुंगा म्हणतात, कारण ती काहीही करताना गुणगुणते. जेवताना, वेणी घालून घेताना, गणितं सोडवताना. कुठलं गाणं म्हणून विचारलं तर म्हणते, "गाणं नाही, नुसता आवाज आहे." हा आवाज घरात कुठूनतरी येत असला की मला वर्तमानपत्र नीट वाचता येतं.

चिरंजीवांना वेळ नव्हता, सूनबाईला त्याहून नव्हता. निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे आणि तो खरा असल्यामुळे खोडून काढता येत नाही. मी हो म्हणालो. मला खरं तर विचारायचं होतं की जायलाच हवं का. पण ती बाब माझ्यापुढे आलेलीच नव्हती, आणि न आलेल्या बाबीवर शेरा मारायचा नाही, अशी आमच्या खात्याची शिस्त.

राजधान्यांची नावं लांबलचक होती. भुंगानं ती सोपी करून टाकली. एका शाळेच्या माहितीपत्रकावर रस्त्यातून जाणारी ट्राम होती, ती ट्रामवाली. दुसरीच्या अंगणात तळं होतं आणि तळ्यात बदकं, ती बदकवाली. "आबा, बदकवालीच घेऊ," तिनं माझ्या मांडीवर बसून पहिल्याच मिनिटाला निकाल देऊन टाकला. मी तिला समजावलं की चित्र पाहून खरेदी करणारे लोक पुढे पस्तावतात. ती म्हणाली, "पण बदकं खरी आहेत." पुरवठादाराच्या छायाचित्रावर विश्वास ठेवू नये, हे मी तिला कसं सांगणार?

मी दोन्ही शाळांना रीतसर पत्रं पाठवली. 'विषय : एका नातीच्या शालेय शिक्षणाबाबत प्रस्ताव मागवणे.' खाली अटी. प्रस्ताव मुदतीत यावा. अपूर्ण प्रस्तावाचा विचार केला जाणार नाही. कोणताही प्रस्ताव कारण न देता नाकारण्याचा अधिकार आजोबा राखून ठेवत आहेत. हे सगळं इंग्रजीत केलं की फार भारदस्त दिसतं. ट्रामवालीकडून एका मिनिटात उत्तर आलं, 'आमच्या कुटुंबात आपलं स्वागत आहे.' इतक्या लवकर कुटुंबात घेणाऱ्यांबद्दल माझं मत आधीपासून वाईट आहे. त्यांनी सोबत संगणकावर भरायचा एक अर्ज पाठवला होता. तो मी एका बैठकीत भरला. आयुष्यभर अर्ज भरल्यामुळे माझा हात जन्मतारखेच्या रकान्यात आपोआप चालतो, आणि तो माझीच जन्मतारीख लिहितो. दोन दिवसांनी शाळेनं अतिशय सौजन्यानं कळवलं की अर्जदाराचं वय तिसरीच्या वर्गासाठी किंचित जास्त असल्यामुळे प्रवेश देता येत नाही, मात्र प्रौढांसाठी संध्याकाळचे भाषावर्ग आहेत.

'किंचित' या शब्दावर चिरंजीव खुर्चीवरून पडायचे बाकी होते. सूनबाई पदराआड हसली असती, पण ती पदर घेत नाही, त्यामुळे सरळ तोंडावर हसली. ही म्हणाली, "जा की. घरात तेवढीच शांतता."

एव्हाना बातमी इमारतभर झाली होती. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले राहतात. त्यांच्या व्याह्यांचा भाचा ट्रामवालीत सहा महिने राहून आला होता. तेवढ्या भांडवलावर ते त्या शहराचे तज्ज्ञ. "तिकडे ऊन पडत नाही," ते म्हणाले. "पोरं पांढरीफटक होतात. भाच्याला त्याच्या आईनं विमानतळावर ओळखलं नाही." खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांना आम्ही परिपत्रक म्हणतो, कारण जिन्यात थुंकू नये इथपासून गच्चीवर कपडे वाळत घालावेत की नाही इथपर्यंत त्यांचं परिपत्रक निघतं. ते म्हणाले, "बदकवालीचं नाव काढू नका. तिथे पाळीव प्राणी इमारतीत चालतात." आम्ही प्राणी पाळत नाही, हे त्यांना पटेना. त्यांचा मुद्दा तत्त्वाचा होता. पुढच्या आठवड्यात भाजी घेताना, दाढी करताना, दुधाच्या रांगेत मला लोक थांबवून राजधानी सांगू लागले. ज्यांनी शेजारचं गाव पाहिलेलं नाही त्यांचीही मतं ठाम होती. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला चटके बसणारच.

ट्रामवालीचा अर्ज मी दुरुस्त करून परत पाठवला. दोन्ही शाळांना भुंगाचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. त्याशिवाय जागा राखून ठेवता येत नाही, असं दोघींचं म्हणणं. मी तिच्या शाळेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकूनबाई चष्म्यावरून बघतात, चष्म्यातून फक्त कागद वाचतात.

"दाखला कशाचा?" त्या म्हणाल्या.

"शाळा सोडल्याचा."

"सोडली का?"

"अजून नाही. सोडणार आहे."

"मग सोडल्यावर या. मुलगी आत वर्गात बसली आहे आणि मी ती गेली म्हणून सही कशी करू?"

"पण गेल्याचा दाखला दिल्याशिवाय ती जाऊ शकत नाही."

"मग नका पाठवू," बाई म्हणाल्या आणि पुढचा माणूस बोलावला.

माझ्या हुद्द्याच्या माणसाला रांगेतून असं बाजूला करणं बरोबर नव्हतं. चिरंजीवांनी ऐकलं तर ते तणतणत शाळेत गेले असते. पण मी मात्र घरी येताना वाटेत चक्क शीळ घातली. इतक्या दिवसांत 'नका पाठवू' म्हणणारं पहिलं माणूस मला भेटलं होतं, तेही अधिकृत. मी पुढचे बरेच दिवस त्या दाखल्याचा पाठपुरावा अतिशय संथपणे केला. सूनबाईनं विचारलं की सांगायचो, प्रक्रियेत आहे.

शेवटी एका रविवारी सगळ्यांसमोर तक्ता ठेवायचं ठरलं. चिरंजीव, सूनबाई, ही, आणि चहाला म्हणून आलेले बँकवाले. मी तक्ता टेबलावर पसरला. चिरंजीवांनी तो पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला.

"बाबा, राजधान्या दोन आहेत. तुमच्याकडे रकाने तीन कसे?"

"नियम आहे," मी म्हणालो. "तीन कोटेशनं असल्याशिवाय निर्णय वैध नाही. दोघांत संगनमत होऊ शकतं."

"दोन देशांच्या राजधान्यांत?"

"तिसरी कुठली आहे?" सूनबाईनं वाकून वाचलं. तिसऱ्या रकान्यात भुंगाची आत्ताची शाळा होती. कोपऱ्यावरची. प्रवासाचा वेळ, चालत; ऊन, भरपूर; भाषा, येते; आजोबा, उपलब्ध. मी कुठेही खोटं लिहिलेलं नव्हतं. गुण मोजले तर तीच पहिली येत होती, आणि बऱ्याच फरकानं.

बँकवाले खूश होऊन म्हणाले, "अरे वा, सोपं झालं की." चिरंजीवांनी तक्त्याची घडी घातली आणि फार हळू आवाजात म्हणाले, "बाबा, आम्ही जाणार आहोत हे ठरलंय. कुठे, एवढंच ठरायचं आहे." मुलानं आवाज चढवला की बापाला बरं पडतं, काहीतरी सुनावता येतं. हळू बोलला की काही करता येत नाही. मी म्हणालो, ठीक आहे, तिसरं कोटेशन तांत्रिक कारणावरून बाद. मग बाथरूममध्ये जाऊन उगाच तोंड धुतलं.

रात्री ही म्हणाली, "हवं तर बाजूला व्हा. तो बघून घेईल." मी म्हटलं, हाती घेतलेली फाइल मी कधी सोडलेली नाही. पण खरं कारण वेगळंच होतं, आणि ते हिला माहीत होतं, म्हणून तिनं पुढे विचारलं नाही. त्या दिवसापासून मी दोन्ही राजधान्यांकडे एकाच प्रश्नानं पाहत होतो. भुंगा शाळेतून घरी येईल तेव्हा माझ्याकडे किती वाजलेले असतील? ट्रामवालीत ती दप्तर टाकेल तेव्हा इथे आमचा संध्याकाळचा दुसरा चहा. म्हणजे रोज बोलता येईल, आज डब्यात काय होतं, कोण रडलं, सगळं. बदकवालीत ती घरी येईल तेव्हा इथे सगळं जग झोपलेलं. सकाळी ती उठेल तेव्हा मी जागा, पण शाळेच्या घाईत कोणतं मूल आजोबांशी बोलतं? घड्याळाचं गणित मी परत परत केलं. उत्तर तेच येई. मनातल्या मनात मी ट्रामवालीच्या नावावर शिक्का मारून मोकळा झालो. चित्रातली ती ट्रामसुद्धा मला आवडू लागली होती.

दाखला अजून प्रक्रियेतच होता. त्याखेरीज राहिल्या होत्या दोन्ही शाळांच्या मुलाखती, संगणकाच्या पडद्यावर. पालक कचेरीत, म्हणून आजोबा हजर. ट्रामवालीच्या प्रवेश अधिकारी बाई पडद्यावर आल्या त्याच हसत. माझ्या मागे बँकवाले 'नैतिक पाठिंबा' म्हणून बसले होते आणि त्यांच्या मागे परिपत्रक उभे होते. बाई म्हणाल्या, आपलं कुटुंब मोठं दिसतं. बँकवाल्यांनी मान पुढे घालून ऊन पडतं का ते विचारलं. बाई म्हणाल्या, पडतं. "लिहून घ्या," बँकवाले माझ्या कानात म्हणाले, "नंतर फिरतील."

मी माझे मुद्दे काढले. वर्गात मुलं किती, बाई किती वर्षं टिकतात, तक्रार कोणाकडे करायची. सगळ्याला चोख उत्तर. मग शेवटी, सहज म्हणून मी सांगितलं की आमची मुलगी काम करताना गुणगुणते.

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. "काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ आहेत. बहुतेक मुलांची ही सवय पहिल्या वर्षात जाते."

"जाते म्हणजे?"

"पूर्ण जाते."

"तिला काही झालेलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण परिपत्रकांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाई म्हणाल्या, अर्थातच, अर्थातच. मी संगणक बंद केला. बँकवाले म्हणाले, "उत्तम शाळा. शिस्त दिसली." मला एकदम फार थकल्यासारखं झालं.

बदकवालीच्या बाई वयस्क होत्या आणि त्यांचा संगणक मध्येच अडकत होता. निम्मा वेळ त्या अर्धं तोंड उघडून स्थिर राहायच्या. मी त्यांना रोखठोक सांगितलं की आमच्याकडे नमुना पाहिल्याशिवाय मागणी नोंदवत नाहीत. मला वाटलं, त्या अपमान मानून नाद सोडतील, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पाठवते." दोन मिनिटांनी पडद्यावर एक बारा-तेरा वर्षांची मुलगी येऊन बसली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "नमस्कार आजोबा. बाईंनी सांगितलं, तुम्हाला नमुना हवाय. मी चालेन का?"

बँकवाले आणि परिपत्रक दोघेही गप्प झाले. हे आमच्या इमारतीच्या इतिहासात प्रथमच घडत होतं.

मी तिला विचारलं, शाळा कशी आहे. म्हणाली, चांगली आहे, गणिताचे सर बोअर आहेत. विचारलं, वर्गात कोणी गुणगुणलं तर काय होतं? तिनं जरा विचार केला. "आमच्या वर्गात एक जण पेन्सिलीनं बाक वाजवत बसतो. बाई म्हणतात, जरा हळू वाजव. मग तो हळू वाजवतो."

"बस, एवढंच?"

"अजून काय करायचं?"

खरंच, अजून काय करायचं असतं? मी मुद्द्यांचा कागद उलटा ठेवला. मग तीच बोलू लागली. शाळेतली बदकं कशी चावतात, जेवणाची रांग कशी लांब असते, आणि तिथे तिच्याशी मराठी बोलणारं आई-बाबांशिवाय कोणी नाही. "घाई नसेल तर अजून विचारा ना काहीतरी," ती म्हणाली. "मला तास बुडवायचाय असं नाही. म्हणजे, तेही आहेच."

"तुझे आजी-आजोबा कुठे असतात?"

"आजी आहे. तिकडेच. रविवारी बोलतो आम्ही."

"रोज नाही?"

"रोज कसं जमणार? मी घरी येते तेव्हा ती झोपलेली असते. आधी जागी राहायची, पण मग आजारी पडली, म्हणून आईनं बंद केलं. रविवारी खूप बोलतो पण. म्हणजे आधी खूप बोलायचो. आता तिला माझ्या मैत्रिणींची नावं लक्षात राहत नाहीत, मग मी थोडक्यात सांगते."

हे तिनं कसलंही दुःख न करता सांगितलं. दुःख सगळं आमच्या बाजूला, पडद्याच्या अलीकडे होतं. बँकवाले नाक शिंकरत खिडकीशी गेले. त्यांची दोन नातवंडं परदेशात आहेत, हे तोवर मला आठवलंच नव्हतं. ट्रामवालीवर दिवसदिवस बोलणाऱ्या त्या माणसानं नातवंडांचं नाव कधी काढलं नव्हतं.

दोन दिवस मी काही ठरवलं नाही. ट्रामवाली म्हटलं की रोजचा चहा डोळ्यांपुढे यायचा, आणि चहाच्या पलीकडे गप्प बसलेली भुंगा. पहिल्या वर्षात पूर्ण जाते. मग रोज फोन करून मी तिकडून ऐकणार काय? तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी घसा साफ केला आणि सांगितलं, "बदकवाली."

चिरंजीवांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाबा, वेळेचं बघितलंत ना? तिथून रोज बोलणं व्हायचं नाही."

"बघितलंय. तो निकष शाळेचा नाही, आजोबांचा आहे. बाद केला."

सूनबाईनं उठून माझ्या ताटाजवळचं भांडं उचललं आणि जाताना क्षणभर माझ्या डोक्यावर हात ठेवला, सासऱ्याच्या डोक्यावर कोणी ठेवत नाही तसा. ही म्हणाली, "चांगलं केलंत." उभ्या आयुष्यात माझ्या खरेदीला तिची ही पहिली पावती. मिळाली तेव्हा नको वाटली.

भुंगाला आतून बोलावलं. ती गुणगुणतच आली. बदकवाली म्हटल्यावर तिनं एक उडी मारली आणि लगेच व्यवहारावर आली.

"मग आबा, तुमची आणि आजीची खोली तळ्याकडची घ्यायची की आमच्याकडची?"

आम्ही चौघं एकमेकांकडे पाहत राहिलो. महिनाभर घरात दोन राजधान्यांचा कीस पाडला होता. ऊन, तज्ज्ञ, दाखले, ट्रामा. इमारतीतल्या सगळ्यांना सगळं माहीत होतं. आणि कोण जाणार, कोण राहणार, हे त्या पोरीला सांगायचं काम प्रत्येकानं दुसऱ्यावर सोपवलेलं होतं. सगळ्यांनी मग माझ्याकडे पाहिलं. फाइल माझ्याकडे होती ना.

"आम्ही इथेच, भुंगा," मी म्हणालो. "तुम्ही तिघं तिकडे."

गुणगुण थांबली. घरात एकदम काहीच ऐकू येईना.

"मग तुम्ही एवढं सगळं कशाला बघत होतात?"

"तुझ्यासाठी."

तिनं ते जरा तपासून पाहिलं. "मग मी तुमच्याशी बोलायचं कधी?"

"रविवारी."

"आणि सोमवारी काहीतरी झालं तर?"

"लक्षात ठेवायचं. रविवारी सांगायचं."

"तोपर्यंत विसरले तर?"

मग मी फाइल बंद करतानाचा खात्यातला कोरडा आवाज काढला. म्हणालो, "विसरलीस तर काही बिघडत नाही. उलट चांगलंच. तिकडे छान रमली आहेस असं मी समजेन."

"बरं," ती म्हणाली, आणि आजीला बदकांबद्दल सांगायला स्वयंपाकघरात पळाली.

आता खोटं कशाला बोलू? एवढ्या लवकर 'बरं' म्हणायला नको होतं तिनं.